बुजणारा घोडा आणि त्याचे भय

‘बुजणे’ हे क्रियापद मराठीने मुख्यतः जनावरांसाठी राखून ठेवले आहे. माणूस भितो, घाबरतो, धास्तावतो. घोडा बुजतो, बैल बुजतो. माणसाला ‘बुजरा’ म्हटले तर त्यात थोडी कीव असते आणि थोडा उपहासही. शब्दाच्या पोटात एक निवाडा आधीच दडलेला आहे. भिणाऱ्याला काही कारण असू शकते, बुजणाऱ्याला ते नसते, असे आपण धरून चालतो. शेतात काठीवर जुना सदरा चढवून उभे केलेले बुजगावणे हा जणू या गृहीताचा पुरावाच: तेथे माणूस नाही आणि पाखरू मात्र माघारी फिरते. वाटेत पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीपुढे चारशे किलो वजनाचा घोडा थरथरत उभा राहतो, तेव्हा आपल्याला हसू येते ते याच कारणाने.

त्या हसण्याविषयी मला शंका आहे. बुजऱ्या घोड्याला डोंगरवाटेवरचा भरवशाचा घोडा बनवणे ही वरकरणी कसबाची गोष्ट, आणि तिच्यावर लिहावयाचे ते त्या कसबातल्या जाणकारांनी. परंतु या कसबाच्या आत एक नैतिक प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो केवळ घोड्यांपुरता नाही. दुसऱ्या जिवाचे भय काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, आणि ते काढून घेतल्यावर त्या भयाचे काम पुढे कोणी करावयाचे?

आपल्या मंडळींना हा विषय अगदीच परका वाटू नये. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज अठराव्या शतकात शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आले, आणि त्यांतले पुष्कळसे घोड्याच्या पाठीवरूनच आले. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा तो स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचे भांडवलच बुडाले. कोणाचे जनावर कोणत्या धोक्यात घालावयाचे, हा हिशेब त्या काळी थेट पोटाशी बांधलेला होता. आज पागा राहिल्या नाहीत. पागनीस, चाबुकस्वार अशी आडनावे राहिली, आणि खरारा, तोबरा, मोतद्दार असे काही शब्द वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तग धरून आहेत. यांपैकी ‘चाबुकस्वार’ हा शब्द क्षणभर हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. नवे घोडे सवारीसाठी तयार करणारा तो चाबुकस्वार. भाषेने त्या कसबी माणसाला नाव दिले ते त्याच्या हातातल्या हत्यारावरून. इंग्रजी भाषा तर त्याहून एक पाऊल पुढे गेली आहे. ती या कामाला सरळ घोडा ‘मोडणे’ असेच म्हणते. मात्र आपल्याच भाषेत ‘वळण लावणे’ असाही एक शब्दप्रयोग आहे, आणि तो जनावराला लागतो तसाच घरातल्या मुलालाही लागतो. चाबूक आणि वळण यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढाच माझ्या विवेचनाचा पल्ला आहे.

प्रथम घोड्याचे भय म्हणजे काय ते पाहू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे सुमारे ३५० अंशांचा परिसर तो मान न वळवता पाहू शकतो. या विस्ताराची किंमत त्याला मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांनी मिळून, म्हणजे अंतराचा नेमका अंदाज येईल असे, त्याला जेमतेम ६५ अंशांतच दिसते. कपाळाच्या अगदी पुढचा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग हे त्याच्यासाठी आंधळे कोपरे होत. रंगही त्याला आपल्याइतके दिसत नाहीत. मात्र कडेला काही हलले, की ते त्याला तत्काळ जाणवते. गवताळ माळावर ज्याला शिंगे नाहीत, नखे नाहीत, सुळे नाहीत, त्याच्या जातीचा टिकाव याच एका गुणावर लागलेला आहे: आधी पळावे, मग विचार करावा. पिशवी हलली आणि घोडा उधळला, ती पिशवीच निघाली, तर त्याचे थोडे श्रम वाया गेले. पिशवी समजून तो उभा राहिला आणि तो लांडगा निघाला, तर सगळेच संपले. हा व्यवहार घोड्याच्या बाजूने पाहिला तर त्यात मूर्खपणा कोठेच नाही. ज्याला आपण बुजणे म्हणतो ती त्याची बुद्धीच आहे, आणि ती त्याला लाखो वर्षांच्या जगण्यातून मिळालेली आहे.

माणसाने या बुद्धीवर हात फिरवून पाहिला नाही असे नाही. प्राचीन घोड्यांच्या अस्थींतील जनुकांचा जो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या प्रदेशात आहे, आणि सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासून हा वंश झपाट्याने सर्वत्र पसरला. माणसाने ज्या जनुकांची निवड केली असे दिसते, त्यांतील एकाचा संबंध पाठीच्या बळाशी आणि दुसऱ्याचा स्वभावाच्या शांतपणाशी असावा, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे इतकी सहस्रके आपण पाठ आणि धीर यांसाठी घोडे निवडत आलो. तरीही वाऱ्याने फांदी हलली की घोड्याचे कान टवकारतात.

आता अशा प्राण्याकडून डोंगरवाटेवर आपण काय मागतो ते पाहावे. माथेरानचे उदाहरण घेऊ. वर मोटारींना बंदी असल्याने तेथे घोडा हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वाहन आहे. लाल मातीच्या वाटा, पावसाळ्यात त्या वाटांचे झालेले ओहोळ, एका अंगाला दरी, माथ्यावर माकडांच्या उड्या, १९०७ पासून नेरळहून वर चढणाऱ्या छोट्या गाडीची शिटी, उघडणाऱ्या छत्र्या, फडफडणारे रेनकोट, आणि पाठीवर जन्मात प्रथमच रिकिबीत पाय घातलेला, लगाम घट्ट आवळून बसलेला, किंचाळणारा प्रवासी. घोड्याच्या उपजत बुद्धीप्रमाणे यांतील प्रत्येक गोष्ट पळून जाण्याचे कारण आहे. पाठीवरचा भार तर सर्वांत मोठे कारण. हिंस्र श्वापद झेप घेते ते तेथेच. आणि आपली मागणी अशी की त्याने या सगळ्यांतून मान खाली घालून, पाऊल तोलून, दरीकडेच्या वाटेने जावे.

हे दोन मार्गांनी साधता येते, आणि अडचण ही की दोन्ही मार्गांच्या शेवटी उभा असलेला घोडा लांबून सारखाच दिसतो.

पहिल्या मार्गाचे ठळक उदाहरण जॉन रेरी या अमेरिकी माणसाचे. १८५८ साली तो लंडनमध्ये आला आणि क्रूझर नावाच्या एका अत्यंत दुष्ट समजल्या गेलेल्या घोड्याला त्याने काही तासांत शांत करून दाखवले. खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याचे प्रयोग पाहिले. त्याची रीत अशी: घोड्याचा पुढचा एक पाय वर घेऊन पट्ट्याने बांधावयाचा, मग दुसऱ्यालाही पट्टा लावावयाचा, झगडून झगडून घोडा दमून जमिनीवर आडवा झाला की त्याच्या सर्वांगावरून हात फिरवावयाचा, छत्री, ढोल, कापड हवे ते त्याच्याजवळ आणावयाचे. रेरी निष्ठुर नव्हता, तत्कालीन मारझोडीपेक्षा त्याची रीत पुष्कळ सौम्य होती, आणि तो स्वतः ममतेचाच पुरस्कार करी. तरीही प्रश्न उरतो. जमिनीवर बांधून पाडलेला, पळण्याचा प्रत्येक प्रयत्न फसलेला घोडा जेव्हा छत्रीकडे पाहून हलत नाही, तेव्हा त्याचे भय गेलेले असते, की भय व्यक्त करण्यात अर्थ नाही एवढेच त्याला उमगलेले असते?

मानसशास्त्राला हा प्रश्न पुढे शंभर वर्षांनी भेटला. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले ते आता सर्वश्रुत आहेत: ज्या कुत्र्यांना विजेचा धक्का काही केल्या टाळता आला नव्हता, ते पुढे सुटकेची वाट खुली असतानाही पडून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ म्हटले गेले. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट ही की पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी आपला सिद्धान्त उलटा फिरवला. मेंदूविषयी मध्यंतरी जे कळले त्यावरून त्यांनी असे प्रतिपादले की दीर्घ छळापुढे निपचित पडणे ही शिकावी लागणारी गोष्टच नाही, ती प्राण्याची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते उलट टोक: आपल्या करण्याने काही बदलते, हे. मला वाटते, वळण लावण्याविषयी याहून मोलाची गोष्ट क्वचितच सांगितली गेली असेल, आणि ती सांगणाऱ्यांना घोड्यांशी काही कर्तव्य नव्हते.

दुसरा मार्ग याच शिकण्याचा आहे. तो नवा नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर जो छोटा ग्रंथ लिहिला, त्यात हे तत्त्व स्वच्छ मांडलेले आहे. घोडा एखाद्या वस्तूला बुजत असता त्याला मारून तिच्याकडे नेले, तर त्याचे भय वाढते, कारण झालेली वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे तो समजतो. आणि घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये. शिंगरू असतानाच त्याला गर्दीतून, निरनिराळ्या दृश्यांतून आणि आवाजांतून फिरवून आणावे, आणि ते भ्यालेच तर सौम्यपणे समजवावे, असेही तो सांगतो. आजच्या जाणत्या शिक्षकाला यात एका ओळीचाही बदल करावासा वाटणार नाही. तपशील तेवढे वाढले आहेत.

ते तपशील थोडे विस्ताराने पाहू, कारण नीती येथे तपशिलातच राहते. प्रथम पाहावयाचे ते घोडा बुजरा आहे की दुखावलेला. खोगीर पाठीला चावत असेल, तंगाखाली जखम असेल, दात बोचत असतील, तर जे भित्रेपण वाटते ते वेदनेचे गाऱ्हाणे असते, आणि त्यावर शिक्षकाचा नव्हे, सलोतऱ्याचा इलाज. शरीर निर्दोष आहे असे ठरल्यावर, बंद आवारात, हातातल्या दोरावर काम सुरू होते. समजा, त्याला ताडपत्रीचे भय आहे. ताडपत्री दूर धरली असता एक जागा अशी येते की घोड्याचे कान उभे राहतात, नाकपुड्या फुलतात, पण पाय अजून जमिनीवर ठाम असतात. ती सीमा. तेथे थांबावयाचे. घोडा पाहील, श्वास सोडील, मान किंचित खाली आणील. त्याच क्षणी ताडपत्री मागे घ्यावयाची. सीमा ओलांडून ती पुढे रेटली तर तो ताडपत्रीबरोबर माणसालाही भिऊ लागतो. तो उधळल्यावर ती मागे घेतली तर उधळल्याने काम होते असा धडा त्याला मिळतो. सारे कौशल्य त्या एका क्षणात आहे. दुसऱ्या दिवशी ही सीमा एक पाऊल अलीकडे सरकलेली असते, तिसऱ्या दिवशी कदाचित दोन पावले पलीकडे गेलेली. घाई असलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये.

यात घोडा काय शिकतो? ताडपत्री निरुपद्रवी आहे, हे तर शिकतोच. परंतु त्याहून खोल असे काही शिकतो. आपण थांबून पाहिले तर पाहू दिले जाते. आपले ‘अजून नको’ ऐकले जाते. आपल्या करण्याने समोरचा माणूस बदलतो. म्हणजे सेलिगमन-मायर यांनी ज्याला शिकावे लागणारे टोक म्हटले, तेच. पहिल्या मार्गाने तयार झालेला घोडा गप्प असतो कारण बोलून उपयोग नाही. दुसऱ्या मार्गाचा घोडा गप्प असतो कारण बोलावे लागले तर ऐकले जाईल. लांबून दोन्ही शांत. जवळून फरक करता येतो. घोड्याच्या हृदयाचे ठोके विसाव्यात मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. पाय स्थिर, डोळा निस्तेज आणि छातीत मात्र धडधड, असे घोडे अनुभवी हाताला कळतात. आणि असे घोडेच वाटेवर अत्यंत धोक्याचे असतात. वर्षानुवर्षे सगळे सोसणारा ‘गरीब’ घोडा एके दिवशी काही पूर्वसूचना न देता चौखूर उधळतो, तेव्हा लोकांना नवल वाटते. सूचना देण्याची त्याची सवयच आपण मोडलेली असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. जी शिळा जाताना घोड्याने निमूट ओलांडली, तिलाच तो येताना बुजतो, असा स्वारांचा सर्वत्र अनुभव आहे. घोड्याचा एक डोळा दुसऱ्याला काही कळवत नाही अशी यामागे जुनी समजूत होती. ती प्रयोगांती टिकली नाही. एका डोळ्याने शिकलेले घोडा दुसऱ्या डोळ्यानेही ओळखतो. परंतु परिचित वस्तू नुसती फिरवून ठेवली तरी घोडे तिला पुन्हा नव्याने दचकतात, असेही अलीकडे पाहण्यात आले आहे. तीच वाट उलट दिशेने वेगळी वाट असते. म्हणून प्रत्येक गोष्ट दोन्ही अंगांनी दाखवावी लागते.

दुसरी गोष्ट स्वाराविषयी. २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यासह एका ठिकाणाहून चार वेळा जावयाचे. चौथ्या वेळी शेजारी छत्री उघडली जाईल, असे माणसाला सांगितलेले. छत्री कधीच उघडली गेली नाही. तरी त्या चौथ्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीविषयी कोणी काही सांगितलेले नव्हते. जे घडलेच नाही त्याचे भय माणसाच्या हातातून, मांडीतून, श्वासातून त्याच्यात उतरले. बुजगावण्याला भिणारा त्या दिवशी कोण होता, याचा विचार करून पाहावा. घोडा निदान डोळ्यांसमोरच्या पिशवीला भितो.

आपल्या परंपरेने घोड्याकडे पाहिले ते बहुधा या उलट बाजूने. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी. आपल्या मनावर या रूपकाचा ठसा इतका खोल आहे की घोडा म्हटले की आवरण्याची वस्तू, असेच समीकरण आपल्या ओठी येते. रूपक म्हणून त्याच्या थोरवीला मी बोट लावू इच्छित नाही. पण त्यातला घोडा विषयांच्या ओढीने धावतो, कशाकडे तरी धावतो. खराखुरा घोडा बहुतेक वेळा कशापासून तरी दूर धावतो. ओढीला लगाम हे उत्तर असू शकते. भयाला लगाम हे उत्तर नव्हे. भ्यालेल्या घोड्याचे तोंड दोन्ही हातांनी आवळले की तो अधिकच भितो, कारण पळण्याची वाट बंद झालेली त्याला कळते. म्हणून शहाणा शिक्षक आधी एका बाजूचा लगाम हळू घेऊन मान वळवण्याचा सराव देतो. वळलेल्या मानेने घोडा भरधाव सुटत नाही, आणि कोंडलाही जात नाही.

तर मग भय काढून घ्यावयाचा अधिकार कोठून येतो? याचे उत्तर मला घोड्यांच्या झोपेत सापडते. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण स्वप्नांची जी गाढ झोप, तिच्यासाठी त्याला जमिनीवर अंग टाकावेच लागते, कारण त्या झोपेत स्नायू ढिले पडतात. रोज थोडाच वेळ, पण ती लागतेच. आडवा पडलेला घोडा मात्र पळायला असमर्थ असतो. म्हणून कळपात सगळे एका वेळी आडवे होत नाहीत. काही निजतात तेव्हा एखादा उभा राहून पाहत असतो. ज्या घोड्याला सुरक्षित वाटत नाही तो दिवसेंदिवस आडवाच होत नाही, आणि शेवटी उभ्याउभ्या गुडघ्यांत कोसळतो. याचा अर्थ, निर्भयता ही घोड्याच्या जगात एकट्याने मिळवायची गोष्ट नाही. कोणीतरी आपल्या वाटचे भय तात्पुरते उचलते, तेव्हाच दुसरा ते खाली ठेवू शकतो.

स्वार बुजऱ्या घोड्याला जे सांगतो ते हेच: तुझे पाहण्याचे काम मी करतो. घोडा वाटेवर मान खाली घालून चालतो, कारण पाठीवर कोणी जागे आहे असे त्याने मानलेले असते. माझ्या मते अधिकार येतो तो येथून, आणि तेवढ्यापुरताच. जो दुसऱ्याचे भय काढून घेतो, त्याने ते भय जेथे रास्त ठरले असते अशा जागी त्याला नेता कामा नये. ओल्या कातळावर, कुजलेल्या साकवावर, पाय फसेल अशा चिखलात घोडा अडला, तर भरवशाचा घोडा बिघडला असे म्हणण्याआधी स्वाराने खाली उतरून पाहावे. न बुजणारा घोडा ही तर चुकीची मागणी आहे. बुजल्यावर थांबून विचारणारा घोडा हवा. आणि विचारण्याला उत्तर देणारा स्वार हवा.

यावर आक्षेप येईल की वचन देण्यासाठी ते समजणारा कोणी हवा. घोड्याला वचन कळत नाही, मग ते मोडले असे कसे म्हणावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तान्ह्या मुलालाही वचन कळत नाही, म्हणून त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य सैल होते, असे कोणी म्हणणार नाही. उलट ज्याला कळत नाही त्याच्या बाबतीत वचनाचा सगळा भार एकाच बाजूवर पडतो. घोडा कराराला बांधलेला नाही. त्याने फक्त पळणे सोडून दिलेले असते.

इतिहास या बाबतीत फारसा सुखावह नाही. ज्याच्यावर कोणाला बसता येईना असा बुकेफलस घोडा आपल्याच सावलीला बुजतो आहे, हे कुमार अलेक्झांडरने ओळखले, आणि त्याचे तोंड सूर्याकडे फिरवले, ही प्लुटार्कने सांगितलेली कथा शाळेत शिकवली जाते ती चातुर्याचा नमुना म्हणून. चातुर्य आहेच, मारझोड न करता जनावराच्या डोळ्यांनी पाहिले, हे त्याचे मोठेपण. परंतु कथेचा उत्तरार्ध आपल्याच भूमीवर घडला. सावलीला भिणारा तो घोडा अलेक्झांडरने झेलमच्या तीरापर्यंत आणला, आणि इसवी सनपूर्व ३२६ मधील पोरसाबरोबरच्या लढाईनंतर तो तेथेच मेला. कोणी म्हणतात जखमांनी, कोणी म्हणतात वार्धक्याने. त्याच्या नावाने तेथे एक नगर वसवले गेले. सावलीच्या भयातून सोडवलेल्याला रणातल्या हत्तींपुढे नेण्यात आले, हे कथेत कोणी अधोरेखित करीत नाही.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले, आणि हैदराबादच्या वाचकांना नावाने परिचित असलेले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जिंकले ते जोधपूर आणि म्हैसूर येथील भालाईत घोडदळाने. त्यांच्याच ब्रिगेडमध्ये हैदराबादचेही भालाईत होते, आणि दिल्लीतील तीन मूर्ती उभ्या आहेत त्या या तिन्ही दलांच्या स्मरणार्थ. मशीनगन आणि तोफा रोखलेल्या डोंगरउतारावर घोडे घातले गेले. स्वारांच्या शौर्याविषयी काय बोलावे? ते स्वखुशीने असो वा हुकमाने, निदान काय आहे हे जाणून गेले. घोड्यांना त्यांच्या शिक्षणाने सांगितले होते की आवाजाला भिण्याचे कारण नाही. लष्करी घोड्याला बंदुकीची सवय लावण्याची रीत ठरलेली असे: दाणा खाताना दूरवर बार काढावयाचा, दिवसेंदिवस जवळ आणावयाचा, म्हणजे बार झाला की दाणा, असे त्याच्या मनात बसे. शिकवण्याची रीत निर्दोष, सौम्य, वर वर्णिलेल्या दुसऱ्या मार्गाचीच. आणि शिकवलेली गोष्ट असत्य. बुजण्याचे रास्त कारण त्या दिवशी समोर होते. सौम्य रीतीने केलेले सर्व काही नीतीचेच असते असे नाही, हे मला या उदाहरणावरून कळते, आणि रेरीच्या पट्ट्यांपेक्षा हे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. लढाई करणेच प्राप्त असते तेव्हा काय करावे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला घोड्याच्या बाजूने उत्तर नाही.

लढाया गेल्या, तरी प्रश्न एका साध्या रूपात रोजच्या व्यवहारात उरला आहे. भय काढणारा एक आणि घोडा पुढे नेणारा दुसरा, असे नेहमीच घडते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. इंदूर-बडोद्याकडून तो फारसा लांब नाही. तेथे गिऱ्हाईक दात पाहते, भोवरे पाहते, देवमण आहे का ते पाहते, चाल पाहते. घोडा अंगाने गरीब आहे, लेकरू बसवा, असे विकणारा सांगतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. कोणीतरी दोन-तीन वर्षे, सीमा राखून, त्या घोड्याला माणसाचा भरवसा शिकवलेला असतो. पण घोडा जो भरवसा शिकला तो एका माणसावरचा राहत नाही. तो माणसांवरचा होतो. पैसे मोजले जातात, दोर एका हातातून दुसऱ्या हातात जातो. नवा धनी कोण, त्याची वाट कसली, तो खाली उतरून पाहणारा आहे की टाच मारणारा, याची चौकशी करण्याची रीत बाजारात नाही. चौकशी होते ती घोड्याचीच. दोर ओढला जातो, आणि घोडा चालू लागतो.